पंपावरचा कर, विजेवरची गाडी आणि गोव्याचा हिशेब

पत्रादेवीच्या तपासनाक्याच्या अलीकडे, गोव्याच्या हद्दीतल्या पेट्रोल पंपांवर रविवारी संध्याकाळी उभे राहिले, तर एमएच-०७ क्रमांकाच्या गाड्या हमखास दिसतात. बांदा-सावंतवाडीकडची माणसे काही ना काही कामाने गोव्यात आलेली असतात आणि परतताना टाकी भरून घेतात. दक्षिणेला पोळ्याच्या बाजूला हेच दृश्य केए-३० क्रमांकाच्या, म्हणजे कारवारच्या गाड्यांचे असते. सीमेच्या दोन्ही बाजूंना तेल त्याच कंपन्यांचे असते आणि टँकरही सारखेच असतात. दरात जो फरक पडतो, तो मुख्यतः राज्याच्या कराचा. वाहनांवरचे कर समजून घ्यायचे असतील, तर या रांगेपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण विजेवरच्या गाड्या वाढल्या की सर्वांत आधी हीच रांग विरळ होणार आहे आणि तिच्याबरोबर गोव्याच्या तिजोरीत पडणारे पैसेही आटणार आहेत.

आपल्याकडे गाडीवर कर तीन टप्प्यांवर बसतो. गाडी विकत घेताना जीएसटी, तिची नोंदणी करताना राज्याचा रस्ता कर आणि त्यानंतर ती चालेल तितकी वर्षे इंधनाच्या प्रत्येक लिटरवर केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्याचा व्हॅट. पहिले दोन कर मोठ्या रकमेचे आणि एकदाच भरायचे असल्यामुळे डोळ्यांत भरतात, तर तिसरा थेंबाथेंबाने जात असल्याने त्याची बोच जाणवत नाही. सरकारच्या दृष्टीने मात्र खरे दुभते जनावर तेच आहे. जीएसटी २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा पेट्रोल आणि डिझेल त्यातून बाहेर ठेवले गेले आणि आजही ते बाहेरच आहेत. जीएसटी परिषदेने शिफारस केली तर ते आत येऊ शकतात, पण तशी शिफारस करण्याचा उत्साह केंद्र किंवा राज्य, दोघांपैकी कोणीही आजवर दाखवलेला नाही. स्वतःच्या हातात असलेला कर दुसऱ्याच्या हवाली कोण करील?

आता एक लिटर पेट्रोल उलगडून पाहू. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्कात २ रुपयांची वाढ केली, त्यानंतर पेट्रोलवर लिटरमागे २१ रुपये ९० पैसे आणि डिझेलवर १७ रुपये ८० पैसे इतकी केंद्राची आकारणी झाली. यातला मूळ उत्पादन शुल्काचा भाग पेट्रोलवर केवळ १ रुपया ४० पैसे आणि डिझेलवर १ रुपया ८० पैसे आहे. उरलेली रक्कम विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि कृषी उपकर या नावांनी गोळा होते. ही विभागणी वरवर कारकुनी वाटते, पण राज्यांसाठी ती फार महत्त्वाची आहे, कारण वित्त आयोगाच्या सूत्रानुसार केंद्र राज्यांना जो वाटा देते तो मूळ शुल्कातून दिला जातो, उपकर आणि अधिभारांतून नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या एकूण वाट्यात गोव्याला ०.३८६ टक्के दिले होते, म्हणजे राज्यांना वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांपैकी सुमारे ३९ पैसे. केंद्राने पेट्रोलमधून गोळा केलेल्या पैशांतून गोव्याकडे थेट परत येणारी रक्कम त्यामुळे नगण्य ठरते, आणि राज्याला इंधनातून खरी कमाई हवी असेल, तर ती स्वतःच्या व्हॅटमधूनच काढावी लागते.

हा व्हॅट राजकारणात किती हुकमी पान ठरतो, हे गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी खाली आले. तेव्हाची पंपांवरची गर्दी अजून अनेकांच्या लक्षात असेल. तो दर टिकला नाही, व्हॅट टप्प्याटप्प्याने परत आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने शुल्क कमी केले, त्या वेळी गोवा सरकारने स्वतःहून आणखी ७ रुपये कमी केले आणि जून २०२४ मध्ये पुन्हा व्हॅट वाढवून पेट्रोल सुमारे रुपयाने महाग केले. निवडणूक जवळ आली की सैल आणि तिजोरी रिकामी झाली की घट्ट, असा हा दोर आहे. गाडी विजेवर गेली की तो हातातून सुटतो.

नेमका किती सुटतो, ते एका साध्या हिशेबातून कळेल. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी आणि लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी घेऊ. तिला साधारण ६७ लिटर पेट्रोल लागेल आणि दर ९६ रुपये धरला, तर सुमारे ६,४०० रुपये खर्च येईल. त्यात एप्रिल २०२५ च्या दराने केंद्राचे सुमारे १,४७० रुपये, आणि राज्याचा व्हॅट लिटरला १७ रुपयांच्या आसपास धरला तर आणखी सुमारे १,१४० रुपये. म्हणजे एका सर्वसाधारण कुटुंबाची गाडी महिन्याला २,६०० आणि वर्षाला ३१,००० रुपयांच्या घरात कर भरते. किलोमीटरमागे हा कर अडीच रुपयांहून अधिक होतो. त्याच आकाराची विजेवरची गाडी, चार्ज करतानाची गळती धरूनही, एका युनिटमध्ये सहा-साडेसहा किलोमीटर जाते असे मानले, तर तिला महिन्याला १५५ ते १६५ युनिटे लागतील आणि युनिटचा दर ५ रुपये गृहीत धरला, तरी बिलात आठशे रुपयांच्या आसपासच भर पडेल. त्या बिलातही वीज शुल्क असते, पण पंपावरच्या कराच्या तुलनेत ते किरकोळ आहे. विजेवरची गाडी स्वस्त पडते याचे श्रेय मोटरच्या कार्यक्षमतेला आहेच, कारण पेट्रोलचे इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. तरीही या स्वस्ताईचा मोठा भाग न भरलेल्या कराचा आहे, ही गोष्ट शोरूममधला विक्रेता सांगत नाही.

खरेदीच्या वेळीही सरकारने पारडे विजेच्या बाजूला झुकवले आहे. ऑगस्ट २०१९ पासून विजेवरच्या वाहनांवर ५ टक्के जीएसटी आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर त्या काळात २८ टक्के आणि वर भरपाई उपकर असा बोजा होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला: चार मीटरपर्यंत लांबीच्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीही १८ टक्क्यांत आल्या, आणि ज्या गोव्यात घरटी एक तरी स्कूटर असते, तिथे हा बदल मोटारींइतकाच महत्त्वाचा. या फेररचनेमुळे लहान पेट्रोल गाडी आणि विजेवरची गाडी यांच्यातले कराचे अंतर बरेच कमी झाले, ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारशी आली नाही, पण नव्या गाडीचा विचार करणाऱ्याने ती लक्षात ठेवायला हवी.

राज्याच्या पातळीवर गोव्याने २०२१ मध्ये विजेवरच्या वाहनांचे धोरण आणले, रस्ता करात सवलतीचा मार्ग धरला आणि खरेदीवर अनुदानही जाहीर केले. ते अनुदान जुलै २०२२ च्या अखेरीस थांबवण्यात आले. केंद्राच्या योजनांचीही तीच तऱ्हा झाली: २०१५ पासूनच्या फेम योजनेच्या जागी १ ऑक्टोबर २०२४ रोजी पीएम ई-ड्राइव्ह ही १०,९०० कोटींची योजना आली, पण तिच्यात घरगुती वापराच्या मोटारींना अनुदान नाही, तिचा रोख दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक आणि चार्जिंगच्या जाळ्याकडे आहे. आयकरातली, विजेवरच्या गाडीच्या कर्जावरील दीड लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावटही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. सवलती नव्या वस्तूला बाजारात उभे करण्यासाठी असतात, ती उभी राहिली की त्या काढून घेतल्या जातात; यात कोणाची फसवणूक आहे असे मला वाटत नाही, फक्त दहा वर्षांच्या खर्चाचा हिशेब मांडताना आजची माफी दहाही वर्षे टिकेल असे धरून चालू नये.

शेजारी पाहिले तर वारे कुठे वाहते आहे ते कळते. ज्या कर्नाटकाने विजेवरच्या वाहनांना सुरुवातीला करमाफी दिली, त्याच कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या विजेवरील मोटारींवर १० टक्के आजीवन कर बसवला. महाराष्ट्रात मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या अशा गाड्यांवर ६ टक्के कराचा प्रस्ताव आला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला गेला.

बाहेरच्या देशांनी तर थेट किलोमीटरवर बोट ठेवले आहे. ब्रिटनमध्ये पेट्रोल-डिझेलवर लिटरला ५२.९५ पेन्स इंधन शुल्क आहे. तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात एप्रिल २०२८ पासून विजेवरच्या मोटारींना मैलामागे ३ पेन्स आकारण्याचे जाहीर केले, म्हणजे पेट्रोल गाडीवाला इंधनातून जितका कर देतो त्याच्या साधारण निम्मा. आइसलँडने २०२४ च्या सुरुवातीपासून विजेवरच्या मोटारींवर किलोमीटरला ६ क्रोना आकारणी सुरू केली. न्यूझीलंडची कथा अधिक बोधक आहे, कारण तिथे कर पेट्रोलच्या दरातच असतो, डिझेलच्या दरात नसतो; डिझेलवाल्यांना १९७८ पासून आगाऊ किलोमीटर विकत घ्यावे लागतात, जसे आपण मोबाईलचे रिचार्ज करतो तसे. १ एप्रिल २०२४ पासून विजेवरच्या मोटारींना तिथे याच चाकोरीत आणले गेले आणि हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर असा दर ठरला. नवे काही शोधावे लागले नाही, जुनी वही पुढे चालू ठेवली.

असाच कर गोव्यात आणायचा म्हटले, तर मात्र एक वेगळीच अडचण उभी राहते आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. इंधनावरचा कर हा गाडी कोणाची आहे हे विचारत नाही. डिसेंबरात कळंगुटच्या रस्त्यावर अडकलेली बेळगावची, कोल्हापूरची, पुण्याची गाडी गोव्यातल्या पंपावर टाकी भरते, तेव्हा गोव्याचे रस्ते वापरल्याबद्दल ती गोव्याला आपोआप काहीतरी देऊन जाते; रेंट-अ-बाईकवर हिंडणारा पर्यटकही देतो आणि पत्रादेवीच्या रांगेतले तर गोव्याचा रस्ता फारसा न वापरताही देतात. पंपावरचा कर आटला आणि त्याची भरपाई नोंदणीच्या वेळच्या रस्ता करातून किंवा वर्षाकाठच्या किलोमीटर आकारणीतून करायची ठरली, तर ती फक्त जीए क्रमांकाच्या गाड्यांकडून, म्हणजे आपल्याकडून होईल. पाहुण्याची विजेवरची गाडी घरूनच चार्ज होऊन येईल, हॉटेलच्या आवारात पुन्हा चार्ज होईल आणि राज्याला जवळपास काहीच न देता निघून जाईल. मोठ्या राज्याला हा फरक पचतो. आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट पाहुणे दरवर्षी सांभाळणाऱ्या छोट्या राज्याला तो जड जाईल.

यावर उपाय नाहीत असे नाही. सार्वजनिक चार्जिंग केंद्रावरच्या विजेला वेगळे शुल्क लावता येते, आणि व्यावसायिक चार्जिंगचा दर घरगुती दराहून वेगळा ठेवण्याची मुभा वीज नियमनात आहे. सीमेवर फास्टॅगने प्रवेश शुल्क घेता येते, पण पत्रादेवी, केरी आणि मोलेच्या नाक्यांवर आजच जी कोंडी होते ती पाहता त्याचा विचार करणाऱ्याला आधी रांगेत उभे करावे. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जुलै २०२३ मध्ये जानेवारी २०२४ पासून पर्यटनासाठी नव्याने दाखल होणारी वाहने विजेवरचीच असतील असे जाहीर केले होते. घोषणा आणि रस्ता यांत अजून बरेच अंतर आहे, पण ज्या दिवशी ते मिटेल त्या दिवशी भाड्याच्या गाड्यांकडून मिळणाऱ्या व्हॅटचे काय, हा प्रश्न वित्त खात्याच्या टेबलावर असेल.

जाता जाता एका गैरसमजाबद्दल लिहायला हवे. विजेवरच्या गाड्या बॅटरीमुळे जड असतात, त्यामुळे रस्ते अधिक खराब करतात, म्हणून त्यांना जास्त कर लावावा, असे म्हटले जाते. रस्त्याची झीज चाकाच्या आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. त्यानुसार एखादी गाडी वीस टक्क्यांनी जड झाली तर तिच्यामुळे होणारी झीज दुप्पट होते खरी. पण मोटारीच्या आसावर सातशे किलो आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन भार धरला, तर ट्रकच्या एका आसाने होणारी झीज मोटारीच्या आसाच्या चाळीस हजार पट भरते. खाणी जोरात होत्या त्या काळात खनिजाच्या ट्रकांनी साखळी, डिचोली, उसगावच्या रस्त्यांची काय दशा केली होती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे गणित समजावण्याची गरज नाही. दुप्पट झालेले नगण्य हे नगण्यच राहते.

आता डिझेलकडे वळू. एके काळी घरगुती गाडीसाठी डिझेल घेणे शहाणपणाचे मानले जाई, कारण शेतकरी आणि मालवाहतुकीसाठी सरकार डिझेलचा दर दाबून ठेवत असे आणि त्याचा लाभ मोटारवाल्यांनाही मिळे. जानेवारी २०१३ पासून तो दर महिन्याला थोडाथोडा वाढू दिला गेला, ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर्ण मोकळा सोडला गेला आणि पेट्रोलशी असलेले अंतर आकसले. एप्रिल २०२० मध्ये गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ निकष आले, तेव्हा डिझेल इंजिनाला धूर शुद्ध करणारी महागडी सामग्री जोडावी लागली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने, मारुतीने, डिझेल गाड्याच बंद केल्या.

त्या सामग्रीचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझी डिझेल गाडी डिचोलीहून म्हापशाला आणि परत, एवढाच प्रवास करीत असे. एका सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. धुरातली काजळी अडवणारी जाळी, जिला मेकॅनिक डीपीएफ म्हणतात, ती तुंबली होती. ही जाळी साफ होते ती आत साठलेली काजळी सुमारे सहाशे अंश तापमानाला जळून, आणि तेवढी उष्णता निर्माण व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटे एका वेगात पळावी लागते. मेकॅनिकने औषध सांगितले ते असे: “काणकोणला जाऊन या, वाटेत थांबू नका.” गोव्याच्या छोट्या, वळणावळणाच्या, दर पाच मिनिटांनी थांबायला लावणाऱ्या फेऱ्यांसाठी आजचे डिझेल इंजिन बनलेलेच नाही, हे मला तो दिवा लागल्यावर कळले.

डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात काढावी लागते, हा समजही गोव्यात फार पसरला आहे. तो निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांमुळे दिल्ली व परिसरापुरता आला. गोव्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग ती पेट्रोलची असो वा डिझेलची. मात्र पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण करायचे म्हटले, तर एप्रिल २०२२ पासून मोटारीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाड्यांची विक्री ब्रिटन २०३० पासून थांबवणार आहे. युरोपीय संघाने २०३५ ठरवले होते, पण डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या आयोगाने ते सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. भारतात अशी कोणतीही तारीख कायद्याने ठरलेली नाही. ट्रॉलर, बार्ज आणि मालट्रक यांच्यासाठी डिझेल अजून बराच काळ राहील. घराच्या अंगणातून मात्र ते निघून चालले आहे.

अंगण असणे, ही विजेवरच्या गाडीची खरी अट आहे. पत्रादेवी ते पोळे हे अंतर एका चार्जमध्ये सहज कापले जाते, त्यामुळे रेंजची चिंता गोव्यात फारशी लागू होत नाही. प्रश्न असतो रात्री गाडी कुठे उभी राहणार हा. १५ अँपियरच्या साध्या सॉकेटमधून तासाला सुमारे तीन युनिटे मिळतात, म्हणजे ३० युनिटांची बॅटरी रात्रभरात भरते. पण जुन्या घरांचे वायरिंग आणि अर्थिंग आधी तपासून घ्यावे लागते आणि मंजूर भार कमी असेल, तर वीज खात्याकडे तो वाढवण्याचा अर्ज करावा लागतो. पर्वरीतल्या किंवा ताळगावातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला स्वतःची पार्किंगची जागा आणि सोसायटीची संमती, अशा दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि दुसरी बहुधा पहिलीपेक्षा अवघड ठरते. गोव्यातले घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढणारे असल्याने, गाडीची दीडशे युनिटे वरच्या टप्प्यात मोजली जातील हेही हिशेबात धरावे.

माझा एक भाचा टॅक्सी चालवतो. मोपा विमानतळ ते पाळोळे हा शंभराहून अधिक किलोमीटरचा फेरा त्याला अनेकदा पडतो आणि दिवसाला अडीचशे किलोमीटर सहज होतात. त्याच्या गाडीच्या जाळीला काजळी जाळायला पुरेसा रस्ता मिळतो, दुपारी चार्जरपाशी तासभर थांबणे त्याला परवडत नाही, म्हणून त्याने पुढची तीन वर्षे डिझेलच ठेवायचे ठरवले आहे. माझी गाडी त्याआधी जाईल आणि तिच्या जागी विजेवरची येईल. उद्या किलोमीटरवर कर आलाच, तर आपला आकडा किती हे ठाऊक असावे, एवढ्यासाठी आम्ही दोघेही दर महिन्याच्या एक तारखेला ओडोमीटर पाहून वहीत लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात त्याचा आकडा ६,४१२ होता आणि माझा ३८०.